खाडीवरची मोजणी
कपाट आवरताना अंगठ्याने दाबून मोजायचा जुना काउंटर हाती लागला, त्याच्या फटीत अजून खाडीचा वाळलेला चिखल होता. काही वर्षांपूर्वी एका एप्रिलमध्ये पक्षी मोजायला मी सकाळीच डोंबिवलीहून ठाण्याच्या खाडीवर गेलेलो. उत्तरेकडे परत निघालेले चिमुकले तुतवार पक्षी त्या वर्षी इतके उतरले होते, की ओहोटीचा चिखलच चालतोय असं वाटत होतं. मी एकेक पक्षी मोजत खटखट दाबत होतो आणि ते हलले की चुकत होतो. शेजारी जाळं साफ करत बसलेली कोळीण मावशी वैतागून म्हणाली, "अरे, जवला कोन एकेक मोजतं का? वाटे लाव." बाजारात ती जवळ्याचे, म्हणजे त्या इवल्याशा कोळंबीचे, सारखे वाटे लावायची, तसेच तिने हातवाऱ्यांनी थव्याचे वाटे पाडून दाखवले. मग एका वाट्यातले पक्षी मोजून पुढे वाट्यामागे एकदाच खटका दाबला, तशी मोजणी भराभर होऊ लागली. तेवढ्यात भरतीचं पाणी चढलं आणि सगळा चिखल एकदम आभाळात उठला. पंखांचा वारा तोंडावर आला, ऊन क्षणभर झाकलं गेलं आणि माझा अंगठा थांबला. मावशीही वाटे विसरली. देवळात घेतात तसा तिने डोक्यावरून पदर घेतला. मोजणीच्या फॉर्मवर मी अंदाजाने आकडा भरला. काउंटर मात्र अजून त्या क्षणाच्या आकड्यावरच आहे, त्याला शून्यावर आणायचं मन होत नाही.