आखाजीची घागर आणि फक्कीची रेघ

चाळीसगावला गाडी बदलली तेव्हाच टोपी तव्यासारखी तापली होती. धुळ्याला स्टेशनाबाहेर सर्व्हिस मोटार उभी होती. माणसं, कोंबड्या आणि डांगरांची (खरबुजांची) पोती आत कोंबून झाल्यावर ड्रायव्हर चहा प्यायला गेला, तो गेलाच. वैशाखात खानदेशात कोण जातं, असं पुण्यात सगळ्यांनी विचारलं होतं. पण आखाजी (अक्षय्य तृतीया) म्हणजे तिकडची दिवाळीच, आणि ताईनं फार आग्रहानं बोलावलं होतं. गावाचं नाव मात्र इथे लिहीत नाही. ताईला अजून तिथेच राहायचं आहे.

ताईचे यजमान नगरपालिकेचे अध्यक्ष. सारं गाव त्यांना नाना म्हणतं. कापसातली सरकी काढण्याचा मोठा जिनही (कारखानाही) त्यांचाच. रात्री आंब्याच्या रसाची वाटी माझ्यापुढे सरकवत ते म्हणाले, "गावाचे भाग पाडतोय. राहण्याचा एक, बाजाराचा एक, धुराच्या धंद्यांचा एक. पुण्यात कुंभारांचे आवे (भांडी भाजण्याच्या भट्ट्या) वस्तीत चालतात का हो?"

"छे! केव्हाच बाहेर काढले," मी म्हणालो.

चक्क थाप! आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर कुंभारवाडा आहे आणि त्याचा धूर रोज आमच्या स्वयंपाकघरात येतो. पण चार पाहुण्यांसमोर आपल्या शहराची ऐट मिरवायची लहर आली, आणि जीभ टाळ्याला लागायच्या आत बोलून गेलो. नानांनी लगेच मान डोलावली. मला वाटलं, विषय जेवणाबरोबर संपला.

सकाळी नगरपालिकेच्या सभासदांची मिरवणूकच निघाली. पुढे नकाशा घेतलेला कारकून, मागे फक्कीची (चुन्याच्या भुकटीची) टोपली घेतलेला शिपाई, त्यामागे नाना आणि मी. रेघ देवळापासून सरळ निघाली. नानांच्या जिनपाशी आली तेव्हा तिला अचानक वळसा सुचला आणि तो जिन चिमणीसकट बाजाराच्या भागात राहिला. कुंभारगल्लीशी आल्यावर ती पुन्हा शहाण्यासारखी सरळ झाली. गल्लीतल्यांनी आवे नदीपलीकडे न्यायचे, असं ठरलं.

एका दारातून भागाबाई बाहेर आली. गावातल्या निम्म्या घरांना भांडी तीच पुरवते. तिच्या अंगणात राखेनं झाकलेला आवा होता.

"नाना, आवा बठ्ठा भरेल शे. आते नदीपार कसा लई जाऊ? तठे काळी जमीन, पानी पडनं का बठ्ठा चिखल."

"नियम सगळ्यांना सारखा," नाना म्हणाले आणि माझ्याकडे वळले, "पुण्यातही असंच केलंय. हे आमचे पाहुणे तिथलेच."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. तिनंही पाहिलं. आता तरी खरं बोलावं! पण मी उपरण्यानं घाम पुसत राहिलो. लाज मात्र वाटली.

संध्याकाळी आवे विझलेलेच राहिले. ताई सांजोऱ्या तळत होती. हातातला झारा तसाच ठेवून तिनं नानांना विचारलं, "परवा आखाजी. पितरांचं पाणी कशात भरू?"

त्या दिवशी नवी मातीची घागर पाण्यानं भरून, वर डांगर ठेवून पितरांना पुजायची, ही नानांच्या घरचीच रीत. एवढ्या सभासदांत एकाच्याही हे ध्यानात आलं नव्हतं. तासाभरात ज्याच्या त्याच्या घरातून हाच प्रश्न आला. रातोरात सभा भरली आणि एकमतानं ठरलं: सणापुरती आवे पेटवायला सूट, सण झाला की रेघ पूर्ववत. ज्या धुरानं गावाचं आरोग्य बिघडत होतं, तो त्या रात्री कुणालाही झोंबला नाही.

दरवर्षी भागाबाई घरोघर घागरी पोचवते आणि ताईच्या ओट्यावर पुरणपोळी खाऊन जाते. या वर्षी ती आलीच नाही. घागरी तिनं फक्कीच्या रेघेलगत मांडून ठेवल्या होत्या आणि सारं गाव तिथे जाऊन त्या उचलत होतं. ताईनं मला पाठवलं. सोबत भागाबाईसाठी पुरणपोळीचं पान वाढून दिलं होतं.

"अक्कानी धाडं का?" पान तिनं घेतलं. "ऊनी असतू, पन आमनी हद्द आते आठेच शे."

मग दोन घागरी वाजवून तिनं माझ्यासमोर ठेवल्या. एक ताईची, एक मला पुण्याला न्यायला. मी निघणार, तोच तिनं विचारलं, "भाऊ, पुणाना कुंभार आते कोठे ऱ्हातस? पानी पडस तव्हय आवा कसा लावतस? तुमले ठाऊक व्हई, म्हनीसन इचारस."

टोमणा नव्हता. तिला खरंच शिकून घ्यायचं होतं. मी घागरी उचलून चालू लागलो.

दुसऱ्या दिवशी निघताना मोटारीच्या अड्ड्यावर मात्र धीर केला. "नाना, पुण्याचं मी खोटं सांगितलं. तिथले आवे वस्तीतच आहेत."

नाना मनमोकळं हसले. "एवढंच ना? तुम्ही नसतं सांगितलं तर मी मुंबईचं सांगितलं असतं!" त्यांनी प्रेमानं माझ्या पाठीवर थाप मारली आणि आंब्यांची करंडी टपावर चढवायला सांगितली. मोटार गल्लीवरून गेली तेव्हा भागाबाईच्या दाराशी बैलगाडी उभी होती आणि माठ गवतात रचले जात होते.

घागर मी पुण्यापर्यंत मांडीवर आणली. ती खिडकीशी ठेवलेली आहे. खिडकीतून कुंभारवाड्याचा धूर नेहमीसारखा आत येतो. परवा पाणी पिता पिता बायको म्हणाली, "किती गार होतं हो पाणी! तुमच्या ताईच्या गावचे कुंभार राहतात तरी कुठे?"

"नदीपलीकडे," मी म्हणालो.