लोखंडाची बादली

बाकीच्यांच्या शेडमध्ये भंगार साठतं, आमच्या शेडमध्ये किस्से! आणि भंगारवाला ते उचलत नाही.

पनवेलहून नेऱ्याकडे जाताना आमची शेड लागते. कारखान्यांच्या टायटॅनियमच्या टाक्या धुवायच्या, सुकवायच्या आणि बंद करून ठेवायच्या. टायटॅनियम गंजत नाही. पण त्याला लोखंडाचा कण चिकटला तर तो गंजतो आणि टाकी डागाळते. म्हणून दारात प्लास्टिकची बादली. किल्ल्या, पट्टा, नेलकटर, सगळं तिच्यात, मगच आत!

*

आमचे मालक म्हात्रेशेठ, मूळचे ओवे गावचे. नवा इंजिनियर कुलकर्णी एकदा तारेचा ब्रश घेऊन टाकीजवळ गेला.

"अरे ए! टाकी हाय ती, म्हैस नाय!" शेठ गरजले.

कुलकर्णी जो पळाला तो करंजाड्याला थांबला. मी सांगतोय म्हणजे खरंच!

*

खंडेनवमीला हत्यारं पुजायची. आमचे ब्रश नायलॉनचे, टाकीला कुंकू चालत नाही. शेवटी हार घातला बादलीला! आरती झाली आणि पॅकिंगवाल्या शबाना आपा म्हणाल्या, "शेठ, देवीतून माझ्या स्कूटीची चावी द्या ना!"

*

टाकी बंद करताना आत ओल शोषणाऱ्या पुड्या ठेवतो. शेठनी एक घरी नेऊन सुकटीच्या डब्यात टाकली.

"सुकट एवढी कोरडी झाली," शेठ म्हणाले, "मांजर आधी पाणी पिऊन आली!"

*

मग नव्या कंपनीची पहिली टाकी आली. तपासणीत पास झालो तर त्यांचं सगळं काम आमचं. नापास झालो तर? "शेडला टाळा," शेठ म्हणाले होते.

कंपनीचे साहेब आले. किल्ल्या, पट्टा बादलीत टाकले, हातमोजे चढवले. आत येऊन एक मोजा काढला. "हाताला कळतं ते मोज्याला नाही!" म्हणत ओल्या टाकीवरून सावकाश हात फिरवला.

मग औषध फवारलं. लोखंड असलं की ते निळं होतं. टाकीवर लांबच लांब निळा पट्टा!

शेठनी कुलकर्णीकडे बघितलं. कुलकर्णी ओरडला, "मी ब्रशला हातही लावला नाही!"

निळा पट्टा बरोब्बर साहेबांच्या हाताच्या वाटेनं गेला होता. मी म्हटलं, "साहेब, जरा हात बघू?"

बोटात घट्ट रुतलेली घोड्याच्या नालेची अंगठी. मी तिच्यावर औषधाचा थेंब सोडला. निळीशार!

"साडेसाती आहे हो माझी," साहेब पुटपुटले.

पट्टा पुसला, पुन्हा फवारलं. टाकी स्वच्छ! साहेबांनी 'पास' लिहिलं.

मान वर केली, तर समोर म्हात्रेशेठ, हातात बादली.

"साबण आणू, का तेल?"