तीन ठिकाणी बोललेला बोकड

कळमनुरीच्या तहसील कचेरीसमोर चिंचेखाली बसून मी जितके अर्ज लिहिले, तितके साऱ्या तालुक्यात कोणी लिहिले नसतील. ते मंजूर का झाले नाहीत, हे हाकिमांना विचारावे. माझे शिक्षण मराठी चौथीपर्यंत आणि उर्दू त्याहून थोडे कमी. परंतु अर्जाचा मायना मी असा बांधीत असे की, पुढचे वाचण्याची हाकिमांना गरजच वाटत नसे. (एका हाकिमांनी तसे तोंडावर सांगितलेही होते!)

रझाकारांची गडबड अजून लांब होती, तेव्हाची ही गोष्ट. आमची लेक काशी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती आणि दारात एक बोकड होता. त्याला दाढी होती व तो दिवसभर एका जागी बसून काहीतरी चघळीत असे; म्हणून आमच्या कुटुंबाने, म्हणजे रुक्मिणीने, त्याचे नाव 'मुन्शी' ठेवले होते. यात माझ्यावर रोख आहे असे शेजारी म्हणत. मी तिकडे लक्ष दिले नाही.

एके दुपारी काशी अडली. सुईण घाम पुसत म्हणाली, "आता देवालाच हाका मारा." माझ्या आईने चुलीपुढे हात जोडून मरीआईला बोकड बोलला. त्याच वेळी रुक्मिणीने मागच्या दाराशी पदर पसरून पीरसाहेबांना कंदुरी बोलली. (पीराच्या नावाने बोकड कापून गावजेवण घालतात, ती कंदुरी. तिथे जेवणारा कोणत्या देवाचा, हे आमच्याकडे कोणी विचारीत नाही. रस्सा तिखट आहे का, एवढेच विचारतात.) मला कचेरीत निरोप मिळाला. सर्वांत जवळ जैन मंदिर होते. मी जोडे काढून उंबऱ्याशी उभा राहिलो आणि म्हणालो, "भगवान, लेक सुखरूप सुटली तर एका जिवाच्या बदल्यात एका जिवाला अभय देतो. आमचा मुन्शी नावाचा बोकड जन्मभर कापला जाणार नाही, विकला जाणार नाही, मारला जाणार नाही आणि बांधलाही जाणार नाही!"

शेजारी उभे असलेले हिराशेठ म्हणाले, "अवं, न कापणं पुरे होतं की! बांधणार न्हाई हे कशाला?"

"शेठ, मसुदा भरघोस असावा," मी म्हणालो.

संध्याकाळी नातू झाला. आई, कुटुंब आणि मी, तिघेही मनात आपापल्या देवाचे आभार मानीत होतो आणि तिघांच्याही डोळ्यांपुढे एकच बोकड होता. एकमेकांना मात्र कोणी काही बोलले नाही.

बाळंतीण उठल्यावर आईने जाहीर केले, "मंगळवारी मरीआईला जायाचं. मुन्शीला धुऊन ठेवा."

रुक्मिणीच्या हातून पळी पडली. मी घसा साफ करून म्हणालो, "थोडी मुदत घ्यावी असे वाटते."

"काहून? मरीआईच्या दारात बी तुह्या तारखा पडतात का रे?"

मुदत घेण्यात माझा हात धरणारा कोणी नव्हता. पण मंगळवार टळत गेले आणि नातवाला खोकला लागला. असा लागला की लेकरू निळे पडे. वैद्याचा काढा झाला, ओवाळून टाकणे झाले. आई कडाडली, "नवस राह्यला म्हून लेकरावर येऊन राह्यलं!" मग माझी सगळी कायदेबाजी संपली. सकाळी मुन्शीला हार घालून आम्ही मरीआईपुढे उभे राहिलो. काशी लेकराला छातीशी धरून एका बाजूला बसली.

रिवाज असा की, भगत बोकडाच्या पाठीवर पाणी शिंपडतो. बोकडाने अंग झाडले की देवीने मानले. लिंबाजी भगताने पाणी शिंपडले. मुन्शी उभा! तांब्या ओतला. मुन्शी उभा! घागर रिकामी झाली, हारातली झेंडूची फुले वाहून गेली, पण मुन्शीने शेपूटसुद्धा हलवले नाही. शेवटी मी पुढे झालो आणि त्याला त्याच्या कर्तव्याची जाणीव करून देऊ लागलो.

"अर्जनवीस, गप बसा," भगत म्हणाला. "तुमचं आयकून आजपोतर कोन हाललंय? ह्या बोकडावर दुसऱ्या कुनाचा तरी हक्क हाय. कुनी बोललंय का?"

रुक्मिणी रडूच लागली. "आत्याबाई, म्या पीराला बोलले वं!"

"अगं भवाने! माह्या बोकडावर तुहा पीर?"

"तवा घाबरले होते! हाच डोळ्यापुढं दिसला!"

काशीच्या मांडीवर लेकरू खोकले. आईने पुढचे शब्द गिळले आणि मुन्शीचे दावे उचलून ती सरळ दर्ग्याकडे चालू लागली. दर्गा देवळामागेच. तिथल्या चाँदमियाँ मुजावरांनी ओल्या बोकडाकडे पाहिले, मग आमच्याकडे.

"करतूं कंदुरी. मगर अव्वल बोलो, ये और कहीं बोल्या हुआ तो नहीं?"

मी हळूच आईच्या मागे सरकलो. लेकरू पुन्हा खोकले आणि माझ्या तोंडून आपोआप निघून गेले, "जैन मंदिरात... अभयदान दिले आहे."

आईने कपाळावर हात मारला. "मेल्या, तू बी?"

मी लगेच म्हणालो, "यात अव्वल हकदार कोण, याचा कायदेशीर विचार—"

"इसमें कायदा क्या है साब?" चाँदमियाँ म्हणाले. "जान बख्शी, सो बख्शी. बख्शेली जान कापून पीरसाहेबांना काय आनंद? हजरत कू मलिदा भी चलता. गुळाचा करा, लेकराला पण चाटवा."

आईने मुन्शीच्या ओल्या पाठीवरून हात फिरवला. मग म्हणाली, "मरीआईला हिरवं लुगडं नेसवते. खण-नारळ देते. माय हाय ती, समजून घेईल." आणि तिने मुन्शीच्या गळ्यातले दावे सोडले.

त्याबरोबर मुन्शीने डोक्यापासून शेपटापर्यंत असे अंग झाडले की मी, मुजावर आणि दर्ग्याची पायरी एकदम भिजलो!

"मानलं गं माय!" आईने हात जोडले. चाँदमियाँनीही जोडले.

लेकराचा खोकला पुढे उतरला. श्रेय कोणाचे, यावर आमच्या घरी अजून तारखा पडत आहेत.

पण मुन्शी मोकळा झाला. कापायचा नाही, विकायचा नाही, मारायचा नाही आणि (माझ्या भरघोस मसुद्याप्रमाणे) बांधायचाही नाही! बाजाराच्या दिवशी तो या टोकाने शिरे आणि त्या टोकाने पोट सांभाळीत निघे. मेथी, वांगी, देवळापुढच्या माळा, दर्ग्यापुढचे सेहरे, कुठेही त्याने भेदभाव केला नाही. शेवटी सगळे बाजारकरी जमून चिंचेखाली आले. तालुक्यात दुसरा अर्जनवीस त्या दिवशी हजर नव्हता.

"अर्जी लिवा, साब. एका बोकडाच्या मालकावर हाय."

"मालकाचे नाव?"

"ते तुमाला बराबर ठावं हाय."

पक्षकार तो पक्षकार. शिवाय लेखणी हाती आल्यावर मला हात राखून लिहिता येत नाही. 'सदर मालक हा स्वतःस शहाणा समजणारा असून' येथून मी जो सुरू झालो, तो कागद संपेपर्यंत थांबलो नाही. हाकिमांनी तो प्रथमच शेवटपर्यंत वाचला, दोनदा मान डोलावली आणि हुकूम दिला की, बोकडास नवसामुळे बांधता येत नसल्याने मालकाने दर बाजारी जातीने त्याच्यामागे फिरावे.

माझ्या हातचा पहिल्याच पेशीत मंजूर झालेला अर्ज तो एकच.