शैलाताईंचे अँपिअर

निरोप शाळेत आला. आठवीच्या वर्गावर होतो. शिपाई दारात येऊन म्हणाला, "सर, ऑफिसात फोन आहे, ठाकुर्लीहून." ठाकुर्लीहून मला फोन करणारं एकच घर होतं, आणि त्या घरातल्या शैलाताई तेव्हा कल्याणच्या इस्पितळात होत्या. फोनवर त्यांची धाकटी बहीण सुमन होती. "मास्तर, ताई गेली. सकाळी," एवढंच ती म्हणाली. मी "येतो" म्हणालो, फोन ठेवला आणि वर्गात परत जाऊन अर्धवट राहिलेलं व्याकरण शिकवून पूर्ण केलं. असं का केलं ते मला आजही सांगता येत नाही. कदाचित घंटा होईपर्यंत त्या गेल्या नाहीत असं मानायचं असेल... या गोष्टीला आता दीड महिना झाला.

शैलाताईंची आणि माझी ओळख एका बिघडलेल्या टेपरेकॉर्डरमुळे झाली. माझी आई धवलारीण होती. आमच्या कोळ्यांत आणि आगऱ्यांत लग्नाचे विधी धवले गाऊन पार पाडणारी बाई म्हणजे धवलारीण. हळद दळण्यापासून नवरी उंबरा ओलांडेपर्यंत प्रत्येक गोष्टीचं तिच्याकडे गाणं असतं, आणि ते कुठेही लिहिलेलं नसतं. ठाण्याच्या चेंदणीपासून दिवा गावापर्यंत आईला बोलावणं असायचं. ८४-८५ च्या सुमाराला तिला दम लागायला लागला तेव्हा मी घाबरलो आणि एक टेपरेकॉर्डर घेऊन तिच्या मागे फिरायला लागलो. तिला त्याचं हसू यायचं. "या डब्यान माजा आवाज ऱ्हाल का रं?" असं विचारायची. तो डबा एका हळदीत बंद पडला, म्हणून मी नौपाड्यातल्या एका दुरुस्तीच्या दुकानात गेलो. तिथे मागच्या टेबलावर चष्मा लावलेल्या, काटकुळ्या, चाळिशीतल्या एक बाई सोल्डरिंग करत बसल्या होत्या. मी दुकानाच्या मालकाला शोधत इकडेतिकडे बघत होतो. त्या मान वर न करता म्हणाल्या, "मालक जेवायला गेलेत. यंत्र मलाच दाखवावं लागेल, चालेल ना?"

डोंबिवलीच्या एमआयडीसीत ट्रान्सफॉर्मर बनवणारा एक कारखाना होता, तिथे त्यांनी बारा वर्षं चाचणी विभागात काढली होती. कारखाना बंद पडल्यावर त्या या टेबलावर आल्या. लग्न केलं नव्हतं. ठाकुर्लीला दोन खोल्यांत त्या आणि सुमन, दोघीच. माझा टेपरेकॉर्डर त्यांनी उघडला, साफ केला आणि तपासण्यासाठी आतलीच कॅसेट लावली. आईचा आवाज दुकानभर झाला. शैलाताई हातातला स्क्रूड्रायव्हर तसाच धरून गाणं संपेपर्यंत ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, "मास्तर, याची दुसरी प्रत आहे ना तुमच्याकडे?" नव्हती. त्या दिवसापासून माझ्या कॅसेटींची काळजी माझ्यापेक्षा त्यांनाच जास्त लागली.

आई गेल्यावरही मी गावोगावच्या म्हाताऱ्यांची गाणी गोळा करत राहिलो. पण खाडीकाठच्या दमट हवेत कॅसेटींना बुरशी धरू लागली. फीत तुटायची, आवाज बुडायचा. तेव्हा ठाण्यात घरोघरी कॉम्प्युटर यायला सुरुवात झाली होती, आणि गाणी त्यात उतरवून ठेवायची कल्पना शैलाताईंचीच. अडचण एकच होती. आवाजाला जागा फार लागते, आणि त्या काळच्या एका डिस्कवर माझ्या चार कॅसेटीही मावत नसत. मग एका कंपनीने मोडीत काढलेल्या जुन्या, विटेएवढ्या जाड हार्ड डिस्क आम्ही मिळवल्या. एकाच बनावटीच्या पाच.

"मास्तर, यांना कॉम्प्युटरमधला पॉवर सप्लाय पुरणार नाही," त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं. आमच्या घरी जमिनीवर मांडी घालून, माझ्या तपासायच्या वहीच्या मागच्या पानावर त्यांनी मला ते समजावलं. डिस्क फिरायला लागली की दोन अँपिअरवर भागतं, पण थांबलेली तबकडी पहिल्यांदा फिरवायची तर चार लागतात. हातगाडी चालू असताना ढकलणं सोपं, उभी गाडी हलवताना खांदा लावावा लागतो. "माणसं काय करतात, चालत्या गाडीवरून अंदाज बांधतात. आपण उभ्या गाडीवरून बांधायचा. पाच चोक वीस. पंखे आणि किरकोळ, दोन. बावीस झाले. वर थोडी सवड ठेवू. सव्वीस." आणि डिस्कसाठी वेगळा, सव्वीस अँपिअरचा सप्लाय त्यांनी स्वतः बांधला. ट्रान्सफॉर्मरचे वेढेसुद्धा त्यांनी हाताने घातले. तीन रविवार त्यात गेले. पहिल्यांदा बटण दाबलं तेव्हा पाचही डिस्क एकदम घुमायला लागल्या, त्यांनी मीटरचा काटा पाहिला आणि म्हणाल्या, "आता उतरवा आईंना."

मी आईला उतरवलं. सगळ्यांत आधी तिलाच. आणि इथे मी पहिली चूक केली. गाणं मशीनमध्ये गेलं की ती कॅसेट मोकळी झाली असं समजून मी तिच्यावर नवीन गाणी भरू लागलो. शैलाताईंना हे कळलं तेव्हा त्या चिडल्या होत्या. मी ऐकलं नाही. मला घाई होती. तळोज्याकडे एक आजी होती, दिव्याला एक होती, कोण कधी जाईल याचा नेम नव्हता.

वर्षभरात पाचही डिस्क भरत आल्या. त्याच सुमाराला मला त्याच बनावटीच्या आणखी दोन मिळाल्या. शैलाताई तेव्हा काकूच्या आजारपणासाठी कोकणात गेल्या होत्या. त्यांना विचारलं असतं तर त्या नक्की म्हणाल्या असत्या, थांबा, मी येते, सप्लाय वाढवावा लागेल. थांबायची माझी तयारी नव्हती. एका वायरीच्या दोन करायच्या जोडण्या मी आणल्या आणि त्या दोन डिस्क लावून टाकल्या. मशीन जरा कण्हत का होईना, सुरू झालं. तीन आठवडे सुरळीत चाललं. मला तर वाटलं, शैलाताई उगाच घाबरवतात.

मे महिन्यातल्या एका दुपारी वीज गेली आणि तासाभराने आली. बटण सुरूच राहिलं होतं. सातही डिस्क एकदम उठल्या, नेहमीचा घुमणारा आवाज निम्म्यात अडकला, मग एक कोरडा फटका ऐकू आला आणि खोलीत जळक्या वार्निशचा वास पसरला. सप्लायमधल्या ज्या भागाने वीज आवरून धरायची तोच भाग फुटला होता आणि बाराच्या जागी वीस व्होल्ट सगळ्या डिस्कमध्ये घुसले होते. हे मला नंतर शैलाताईंनी सांगितलं. मी तेव्हा फक्त धूर पाहिला.

त्या कोकणातून परत आल्या होत्या. मी फोन केला, त्या म्हणाल्या तासाभरात पोचते. त्या एका तासात मी जे केलं ते पुढे फार काळ कुणाला सांगितलं नाही. मी स्क्रू काढले, त्या जास्तीच्या दोन डिस्क सोडवल्या, जोडण्या काढल्या आणि सगळं कपाटात, जुन्या चादरींच्या मागे ठेवून दिलं. लाज वाटली म्हणून. दुसरं कारण नाही.

शैलाताई आल्या, चप्पल काढली आणि पाणीही न पिता मशीनसमोर बसल्या. उघडून बघितलं. मग कागद मागितला आणि तेच गणित पुन्हा मांडलं. पाच चोक वीस, आणि दोन. पुन्हा मांडलं. मग माझ्याकडे वळून त्यांनी विचारलं, "पाचच होत्या ना, मास्तर?"

"पाचच," मी म्हणालो.

"मग माझंच काहीतरी चुकलं..." त्या म्हणाल्या. त्यांचा चेहरा मला नीट बघवला नाही. आईच्या चाळीसेक गाण्यांपैकी एकही उरलं नव्हतं, आणि ते त्यांच्या हातून गेलं असं त्या समजत होत्या. दारातून निघताना त्यांनी हात जोडले. मला! "आईंची माफी मागते," म्हणाल्या.

त्यानंतर त्यांनी कॉम्प्युटरचं काम घेणं सोडून दिलं. रेडिओ, मिक्सर, टेपरेकॉर्डर एवढंच. पण माझ्या डिस्क मात्र त्यांनी सोडल्या नाहीत. तबकड्या शाबूत असतील, जळली आहे ती वरची सर्किटची पट्टी, त्याच बनावटीच्या डिस्कची पट्टी मिळाली तर गाणी परत निघतील, असं त्यांना वाटायचं. दोन वर्षं त्या लॅमिंग्टन रोडच्या जुन्या बाजारात, डोंबिवलीच्या भंगारवाल्यांकडे, ओळखीच्या ओळखीने कुठल्या कुठल्या कार्यालयांत त्या बनावटीचा नंबर लिहिलेली चिठ्ठी घेऊन हिंडल्या. एक पट्टी मिळाली. तिच्यावर एक डिस्क जागी झाली, दिव्याच्या आजीची गाणी निघाली, आणि दुसऱ्या डिस्कवर लावताना तीही पट्टी गेली. आईची डिस्क तशीच राहिली. आणि त्या सगळ्या काळात त्याच बनावटीच्या दोन डिस्क माझ्या कपाटात होत्या. त्यांच्या पट्ट्याही जळल्या असतील, पण एखादा तुकडा, एखादा सुटा भाग शाबूत असेलही. मी कितीदा कपाट उघडलं. द्यायच्या म्हणजे सांगणं आलं. दर वेळी कपाट बंद केलं.

गेल्या पावसाळ्यापासून त्यांना खोकला होता. फुप्फुसाचं दुखणं निघालं, तेही उशिरा. शेवटची भेट कल्याणच्या इस्पितळात, दुपारी, सुमन डबा आणायला घरी गेलेली असताना झाली. उशांना टेकून बसल्या होत्या. बोलताना धाप लागत होती. मी इकडचं तिकडचं बोललो आणि मग एकदम म्हणालो, "शैलाताई, तेव्हा सात होत्या."

त्यांनी कसल्या सात असं विचारलं नाही. थोडा वेळ त्या खिडकीकडे बघत राहिल्या. ओठ हलत होते. "सात चोक अठ्ठावीस," त्या म्हणाल्या, "आणि दोन, तीस. मी सव्वीसचा बांधला होता." मग जराशा हसल्यासारख्या झाल्या. "बरोबर आहे. जायलाच हवा होता तो." मी रडायला लागलो होतो. त्या म्हणाल्या, "मास्तर, जागा संपली की माणूस आणखी दोन लावणारच. ते मी आधीच धरायला हवं होतं. सवड कमी ठेवली मी."

"नाही हो, तुमची काही चूक नव्हती..."

"त्या दोन कुठे आहेत?"

"कपाटात. घरी."

"त्याच बनावटीच्या?"

"हो."

त्यांनी डोळे मिटले. "मी दोन वर्षं शोधत होते हो..." एवढं त्या म्हणाल्या, आणि मग, "जा आता तुम्ही. मला पडू द्या." मी उठलो. दारातून वळून पाहिलं तेव्हा त्यांनी भिंतीकडे तोंड केलं होतं. आठवड्याभराने तो फोन आला. त्यांनी मला माफ केलं का, हे मला माहीत नाही. केलं असेल असं लोक म्हणतील, कारण त्या तशा होत्या. पण मी त्यांचा तो शेवटचा आवाज ऐकलेला आहे.

दिवस झाल्यावर मी ठाकुर्लीला गेलो. सुमनने चहा टाकला. तेवढ्यात वीज गेली. सुमन उठली आणि एकेक करत घरातली सगळी बटणं बंद करून आली. पंखा, ट्यूब, फ्रिज, देवापुढचा दिवासुद्धा. आम्ही उकाड्यात बसून चहा प्यायलो. वीज आल्याचं शेजारच्या रेडिओवरून कळलं तेव्हा तिने आधी फक्त ट्यूब लावली, मनात काही मोजलं, मग पंखा लावला आणि पुन्हा थांबली.

"ताईची शिस्त," ती म्हणाली. "तुमचं ते मशीन जळलं ना, तेव्हापासून. सगळं एकदम उठवायचं नाही म्हणायची. तिच्या हातून तेवढी एकच चूक झाली, पण फार लावून घेतली हो तिने."

"सुमन, चूक त्यांची नव्हती," मी म्हणालो, आणि सगळं सांगितलं. कपाटापर्यंत सगळं. ती फ्रिजच्या बटणापाशी उभी राहून ऐकत होती.

"तिला सांगितलंत?"

"शेवटच्या भेटीत."

"शेवटचे दिवस ती पाढा म्हणत होती," सुमन म्हणाली. "सात चोक, सात चोक... मला वाटलं, भ्रम झाला." माझ्याकडे न बघता तिने बटण दाबलं, फ्रिज धडधडून सुरू झाला, आणि त्याचा आवाज एकसारखा होईपर्यंत ती बटणावरचं बोट न काढता तशीच उभी राहिली.