हरतालिकेच्या दिवशीची तिसरी फेरी

पनवेलजवळच्या एमआयडीसीत, इंजेक्शनं बनवणाऱ्या एका कंपनीत मी मायक्रोबायोलॉजिस्ट म्हणून लागले, तेव्हा तिथल्या निर्जंतुक खोलीत एकही बाई काम करत नव्हती. बायका बाहेर, रिपोर्ट लिहायला. आमचे मॅनेजर तसे वाईट नव्हते, पण तोंडात एक वाक्य कायम, "बायकांचं काय हो, आज सण, उद्या माहेर." एकदा ते ऐकून डोकंच फिरलं आणि मी त्या खोलीसाठी अर्ज दिला. तिथे शिरायचं तर तीन फेऱ्यांची परीक्षा असते. औषधाऐवजी जंतूंना आवडणारं सूप छोट्या बाटल्यांत भरायचं आणि त्या बाटल्या उबेत ठेवायच्या. एक जरी गढूळ झाली तरी नापास. माझ्या दोन फेऱ्या पार पडल्या. तिसरीची तारीख लागली आणि मी कॅलेंडर बघितलं. हरतालिका!

झालं. इकडे आड, तिकडे विहीर. तारीख बदला म्हणावं, तर साहेबांच्या वाक्यावर मीच शिक्का मारणार. उपास मोडावा, तर घरी निर्जळीची पद्धत. माझ्या सासूबाई इथल्याच, जवळच्या ओवे गावच्या. लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षी त्यांनी बजावलं होतं, "पान्याचा थेंब नाय घ्यायचा, बरं का." कुणी म्हणेल, एवढी शिकलेली बाई तू, उपासाला काय घाबरतेस? घाबरते बाबा! नवरा रोज मोटारसायकलवरून पेणला जातो, कर्नाळ्याच्या वळणांवरून, ट्रकांच्या मधून. नेमकी मी पाणी प्यायले आणि नेमकं त्याच दिवशी काही झालं तर? जन्मभर स्वतःला काय सांगू? म्हणून घरी परीक्षेचं बोलले नाही आणि कंपनीत उपासाचं.

आत जाताना नखशिखान्त पांढरा सूट, डोक्याला टोपडं, तोंडाला मास्क, डोळ्यांवर गॉगल. एकदा शिरलं की काम संपेपर्यंत बाहेर यायचं नाही आणि हात कशालाही टेकवायचा नाही. पहिला ट्रे नीट भरला. दुसऱ्याला जीभ टाळूला चिकटायला लागली. मग कानात गुंइंइं आवाज सुरू झाला. देवा, आता नको, आता नको, एवढंच मनात. काचेपलीकडे साहेब उभे होते, फोनवर कुणाशी तरी बोलत. डोळ्यांपुढे अंधारी आली आणि माझा डावा पंजा टेबलाच्या कडेवर टेकला. क्षणभरच. कुणी पाहिलं नाही.

गप्प बसले तर कदाचित सगळ्या बाटल्या स्वच्छ राहतील आणि खोली माझी होईल. पण उद्या याच हातांनी खरं औषध भरायचं, ते कुणाच्या तरी शिरेत जायचं. मी इंटरकॉमचं बटण दाबलं आणि सांगून टाकलं.

बाहेर आल्यावर साहेबांनी विचारलं, "बरं नाही का?"

"निर्जळी उपास आहे, सर."

"अहो, मग आज यायचंच कशाला?"

"आणि आले नसते तर तुम्ही काय म्हणाला असतात?"

त्यांनी फेरीच्या नोंदीचा कागद पुढे ओढला. म्हणाले, "फेरी रद्द धरू. गणपती झाले की पुन्हा घेऊ." पास नाही, पण नापासही नाही. मला मात्र तिथेच रडू फुटलं. रागाने म्हणा, भीतीने म्हणा.

संध्याकाळी घरी आले तेव्हा सासूबाई वरीचे तांदूळ खात बसल्या होत्या. त्यांना साखरेचा आजार, डॉक्टरांनी कडक उपास बंद केलेले. माझा चेहरा बघून म्हणाल्या, "काय झाला गं?" मी भडाभडा सगळं ओकले. वाटलं, आता ऐकवतील. त्यांनी ताटली बाजूला सारली, उठल्या आणि तांब्या आणून माझ्यापुढे ठेवला.

"पी."

"अहो आई, ते अजून रस्त्यात आहेत."

"तो माजा पोरगा नाय का? मना सांगायचा व्हता. तुजा उपास मी धरला असता. आता धरते. पी तू."

मी प्यायले. दर घोटाला गाडीचा आवाज येतोय का ते ऐकत प्यायले. नवरा धडधाकट आला, जेवला, झोपला. सासूबाईंनी दुसऱ्या दिवशीच्या पूजेपर्यंत तोंडात काही घातलं नाही. मी विनवण्या केल्या, चिडले, पण त्या बधतात कसल्या!

गणपतीनंतरच्या फेरीत सगळ्या बाटल्या काचेसारख्या स्वच्छ निघाल्या. खोली मला मिळाली. आता माझ्या मागून आणखी दोघी तिथे काम करतात आणि साहेबांचं ते वाक्य हल्ली ऐकू येत नाही.

पण हरतालिका दरवर्षी येते आणि माझी ड्युटी चुकत नाही. सकाळी सासूबाई मला समोर बसवून पोटभर खायला लावतात आणि स्वतः निर्जळी बसतात. औषधाची गोळीसुद्धा घेत नाहीत. साखर अशी खालीवर झाली की काय होतं, ते मला शिकवलंय. त्यांना कुणी शिकवलेलं नाही. दरवर्षी भांडते, दरवर्षी हरते. "तू तुजा काम कर," म्हणतात. मग मी सूट चढवते, मोबाइल लॉकरमध्ये ठेवते आणि आत शिरते. माझा हात आता कशालाही टेकत नाही. घरी म्हातारी एकटी आहे, आणि तिला काही झालं तर काम संपेपर्यंत मला कळणारही नाही.