सात नंबरची सूज

आमच्या वॉर्डातल्या मावशींना एक इंग्रजी शब्द शिकवताना माझ्या नाकी नऊ आले. शब्द साधा, सबसाइड. म्हणजे ओसरणं. बावीस वर्षं फरशी पुसल्यावर मावशींना मदतनीस नर्सची जागा मिळायची होती, आणि त्यासाठी मेट्रनसमोर एका पेशंटची नोंद इंग्रजीत लिहून दाखवायची, एवढीच परीक्षा. पेशंट ठरला सात नंबरच्या खाटेवरचा, पाय सुजलेला शिंपी.

"'स्वेलिंग सबसाइडिंग' लिहायचं, झालं," मी आदल्या दिवशी सांगितलं. "सूज ओसरतेय."

"कशापेक्षा?"

"कालच्यापेक्षा, मावशी!"

"काल किती होती, सिस्टर?"

आता काय डोकं आपटून घेऊ? तीन दिवस वहीत मी तेच लिहीत होते. पहिल्या दिवशी डॉक्टरांनी लिहिलं ते बघून लिहिलं होतं. पुढे मी नुसती री ओढली. आमच्याकडे सगळ्याच ओढतात. तीस खाटा, दोन सिस्टर, कोण कुणाचे पाय निरखत बसणार?

मावशींचं मात्र भलतंच. त्यांनी बँडेजची पट्टी शिंप्याच्या पोटरीभोवती गुंडाळली, पेनाने खूण केली आणि पट्टी खिशात टाकली. वर मलाच ऐकवलं, "ओसरली म्हणायला आधी किती होती ते नको माहीत?" असा संताप आला!

दुसऱ्या दिवशी मेट्रन वही घेऊन खाटेशी उभ्या राहिल्या आणि मावशींनी खिशातून पट्टीच काढली. मी डोळ्यांनी दटावलं, लिहा आणि मोकळ्या व्हा. त्या ऐकतील तर शपथ. पट्टीचं टोक कालच्या खुणेपर्यंत पोचेना.

"इंचभर वाढलाय," शिंपी कण्हत म्हणाला. मापाचं त्याला कोण शिकवणार?

मावशींनी माझ्या तीन ओळींकडे पाहिलं, मग माझ्याकडे. चौथी तशीच लिहिली असती तर जागा पक्की होती. एकेक अक्षर लावत त्यांनी लिहिलं: नॉट सबसाइडिंग.

मेट्रननी ताबडतोब डॉक्टरांना बोलावणं धाडलं. मग विचारलं, "वरच्या तीन ओळी कोणाच्या?"

मावशींनी नजर फरशीकडे वळवली.

"माझ्या," मी म्हणाले. शरमेने मान वर होईना.

मेट्रननी मावशींच्या अर्जावर सही केली आणि पट्टी माझ्या हातात दिली.