एक पास, दोन आज्या

लेबर रूममध्ये बाळंतिणीसोबत एकच बाई आत सोडतात, हे मला पाचव्या महिन्यापासून माहीत होतं. सातव्या महिन्यात मी दोघींना कबूल करून बसले होते.

यात माझा दोष कमी आणि नोकरीचा जास्त. मी पवईला एका कंपनीत एचआरमध्ये आहे. एका बढतीसाठी तिघांना वेगवेगळं बोलावून ‘तुझंच नाव पुढे आहे’ असं सांगायचं आणि तिघांनाही हसतमुखाने जागेवर परत पाठवायचं, याचा मला पगार मिळतो. (बढती चौथ्यालाच मिळते. त्या दिवशी मी रजेवर असते.) नाही म्हणायची वेळ आली की माझा घसाच बसतो.

तर, सातव्या महिन्यात मी मानखुर्दला माहेरी गेले होते. माझी आई महापालिकेच्या शाळेतली निवृत्त शिक्षिका, अगदी मवाळ बाई. मला भाकरी वाढता वाढता म्हणाली, “तुझ्या वेळी माझी आई अकोल्याहून निघाली आणि पोचली तिसऱ्या दिवशी. तोवर मी एकटीच होते गं. भिंतीकडे बघत पडले होते. तुला मी एकटीला नाही सोडणार.”

“आई, तुझ्याशिवाय आत येणार कोण?” मी म्हटलं. हे शंभर टक्के खरं होतं. मला आईच हवी होती.

त्याच आठवड्यात मी घाटकोपरला, सासरी परत आले. सासूबाईंना मी मम्मी म्हणते. त्या मालवणच्या, आवाज खणखणीत, मनात आलेलं तोंडावर बोलणार. त्या विळीवर बांगडे कापत होत्या. “माका चेडू नाय गो,” त्या एकदम म्हणाल्या. (चेडू म्हणजे मुलगी.) “निखिलाच्या वेळी माका भूल दिली. डोळे उघडले तर ह्यो बाजूक झोपलेलो! बाळ जगात येताना कसा दिसता, ता मी कधी बघूकच नाय. तुझा तरी बघीन म्हणतंय.” त्यांचे डोळे भरून आले होते. समोर विळी होती. नाही म्हणायची ती जागाही नव्हती.

“मम्मी, तुम्हीच तर आहात!” मी म्हटलं.

त्यानंतर मी दोन महिने स्वतःची समजूत घालत होते की ऐनवेळी काहीतरी होईल. एकीचे गुडघे दुखतील. हॉस्पिटलचा नियम बदलेल. कुणीतरी निर्णय घेईल, फक्त तो मी घेणार नाही!

एका शुक्रवारी सकाळी सहाला कळा सुरू झाल्या. माझा नवरा निखिल फोन हातात घेऊन उभा राहिला. “कोणाला सांगू?”

“दोघींना सांग.”

“पण आत तर एकच...”

“निखिल, मला कळा येतायत! प्रश्न विचारू नको!” (कळांचा हा एक फायदा. कुठलाही विषय बंद करता येतो.)

नऊच्या सुमाराला हॉस्पिटलच्या तिसऱ्या मजल्यावर, लेबर रूमच्या दाराशी, दोघी समोरासमोर आल्या. आईकडे थर्मास आणि तीन पुडांचा डबा. मम्मींकडे खोबरेल तेलाची बाटली आणि गेल्या दिवाळीपासून जपून ठेवलेलं मऊ जुनं लुगडं. दोघींनी एकमेकींच्या पिशव्या बघितल्या आणि दोघींना सगळं कळलं. मग दोघींनी माझ्याकडे बघितलं. मी छताकडे बघितलं.

दारावर सिक्युरिटीच्या मावशी होत्या. त्यांनी टेबलाच्या खणातून गुलाबी पास काढला. लॅमिनेट केलेला, गळ्यात घालायच्या दोरीसकट. “एक पेशंट, एक बाई. कोण जाणार?”

आणि सुरू झालं!

“विहीणबाई, तुम्ही जावा,” मम्मी म्हणाल्या. “पहिलाच बाळंतपण, मान माहेरचो.”

“छे हो, तुम्ही जा. बाळ तुमच्या घरचं.”

“नको नको, तुम्ही आई.”

“आणि तुम्ही परक्या का?”

दहा मिनिटं हा पास टेबलावरून इकडे सरकत होता, तिकडे सरकत होता. दोघीही नको म्हणत होत्या आणि दोघींचीही दोन बोटं पासाच्या कडेवर घट्ट होती. शेवटी आई माझ्याकडे वळली. “तूच सांग बेटा. तुला कोण हवंय?”

सगळा कॉरिडॉर माझ्याकडे बघू लागला. मला फक्त दोन शब्द बोलायचे होते. ‘आई, तू.’ संपला विषय.

“तुम्ही दोघी मिळून ठरवा ना,” मी म्हटलं आणि एक कळ आल्याचं नाटक केलं. (देवाला नाटक आवडलं नसावं. लगेच खरी आली!)

मार्ग काढला निखिलने. तो एका कॉल सेंटरमध्ये सगळ्यांच्या ड्युट्या लावतो. त्याने तिथल्या तिथे मोबाइलवर तक्ता बनवला. नऊ ते दहा आई, दहा ते अकरा मम्मी, अकरा ते बारा आई, असं करत थेट संध्याकाळपर्यंत. “झकास ना? कुणावर अन्याय नाही!” तो म्हणाला. नऊ वर्षांची मैत्री आणि तीन वर्षांचा संसार झालाय आमचा, पण त्या क्षणाइतका तो मला कधीच डोक्यात गेला नव्हता.

मग माझी जी परवड सुरू झाली, ती विचारू नका. आईच्या तासाला मी डाव्या कुशीवर. “पडून राहा. ताकद वाचव.” मम्मींच्या तासाला मी उभी. “उठ गो बाय, चाल! झोपान कधी कोण बाळंत झाला?” आई आली की घोटघोट गरम पाणी, मम्मी आल्या की नारळपाणी. आई माझे केस मोकळे सोडायची, मम्मी येऊन वेणी घालायच्या. अकरा ते बारा मी शांतपणे श्वास मोजत होते, बारा ते एक मम्मी मला निखिलच्या लहानपणीचे पराक्रम सांगत होत्या. सिस्टर आल्या, त्यांनी माझी वेणी बघितली आणि विचारलं, “मघाशी इथे दुसरी पेशंट होती का?”

शिवाय प्रत्येक पाळीत चौकशी होतीच. “काय म्हणाल्या त्या?” आई हळूच विचारायची. “काय सांगून गेली विहीणबाय?” मम्मी मोठ्यानेच विचारायच्या. मी दोघींनाही सांगत होते, “कौतुक करत होत्या!”

दुपारी सिस्टर म्हणाल्या, “अजून तीन-चार तास तरी लागतील.” आणि वातावरणच बदललं! कारण आता दोघींनी हिशेब मांडला की बाळ कुणाच्या तासाला येणार. माझी मवाळ आई सिस्टरना गाठून विचारू लागली, “चारच्या आत होईल ना हो?” (तीन ते चार तिची पाळी होती.) आणि तीनला पाच मिनिटं असताना मम्मी माझा हात धरून म्हणाल्या, “जोर लाव गो बाय, माझी पाचच मिनिटां रवली!”

“आजी, अजिबात जोर लावायला सांगायचं नाही!” सिस्टर कडाडल्या. “वेळ झालेली नाही.”

“वेळ माझी झाली, म्हणान सांगतंय,” मम्मी पुटपुटल्या आणि पास काढून निघाल्या.

तीन ते चार आई. आता कळा अशा येत होत्या की मधे श्वास घ्यायलाही फुरसत नव्हती. आई माझ्या कमरेवरून हात फिरवत होती आणि मी तिच्या बांगड्या मोजत होते. चार वाजले. आई उठली. तास संपला की वर्ग सोडायचा, ही तिची तीस वर्षांची सवय. दाराशी जाऊन ती थांबली, वळली आणि माझ्याकडे बघत राहिली. ती एका शब्दाची वाट बघत होती. ‘थांब’ म्हटलं असतं तर ती हलली नसती.

“बरं,” मी म्हटलं.

ती गेली.

बाहेर काय झालं ते निखिलने मला नंतर सांगितलं. आईने दाराशी पास गळ्यातून काढला. मम्मी म्हणाल्या, “रवा हो आणखी दहा मिनिटां, मी काय मोजूक बसूक नाय.” (त्या तीनपासून घड्याळाकडे बघत होत्या.) आई म्हणाली, “नको, ठरलं ते ठरलं.” पुन्हा पास इकडे, पास तिकडे! सिक्युरिटीच्या मावशींचा संयम संपला. “सकाळपासून सात वेळा पास बदलला तुम्ही! हा काय संगीत खुर्चीचा खेळ आहे? आता कोणीच जायचं नाही!” त्यांनी पास घेतला, खणात टाकला आणि खण ढकलून बंद केला.

आणि आत सिस्टर मला म्हणत होत्या, “चला, बाळाचं डोकं दिसतंय.”

मी शेजारच्या स्टुलाकडे बघितलं. रिकामं! दोन-दोन आज्या, एक नवरा, एक तक्ता, आणि माझ्याजवळ कोणी म्हणजे कोणी नव्हतं. मला भीती वाटली. साधी, लहान मुलीला वाटते तशी. समोर भिंत होती आणि मी तिच्याकडे बघत होते.

“बाहेर दोघी उभ्या आहेत,” सिस्टर म्हणाल्या. “एकच येईल. कोण हवंय? लवकर!”

“दोघींचंही तसं योगदान...” मी सुरुवात केली. तेवढ्यात अशी कळ आली की पवईच्या नोकरीतलं सगळं शिक्षण एका झटक्यात धुऊन निघालं.

“आई! माझी आई! मम्मी नको, मला माझी आई पाहिजे!”

हा आवाज लेबर रूमपुरता राहिला नाही. तो कॉरिडॉरमध्ये गेला आणि खालच्या मजल्यावर कँटीनमध्ये बसलेल्या निखिलच्या मामांनी चहाचा कप खाली ठेवला, असं म्हणतात.

दाराशी आई जागची हलेना. ती मम्मींच्या तोंडाकडे बघत राहिली, जणू ती स्वतःच ओरडली होती. मम्मी क्षणभर खाली बघत होत्या. मग त्या टेबलाशी गेल्या, स्वतःच्या हाताने खण उघडला, पास काढला आणि आईच्या गळ्यात घातला. “विहीणबाय, बघतास काय? धावा! तुमका बोलवता ती!” मावशी उठल्या तर मम्मी कमरेवर हात ठेवून त्यांच्या आडव्या उभ्या राहिल्या.

आई धावत आत आली, मला बघितलं आणि हमसून हमसून रडायला लागली. इतकी, की सिस्टरनी तिला स्टुलावर बसवून पाणी दिलं. “आई, रडू नको गं,” मी दोन कळांच्या मधे तिला समजावत होते. “होईल सगळं नीट. मी आहे ना!” हे बोलता बोलताच माझी मुलगी जन्माला आली. तिने पहिला सूर लावला तेव्हा आईने माझा हात इतका घट्ट धरला होता की तिच्या बांगड्या माझ्या मनगटावर उमटल्या.

संध्याकाळी मला वॉर्डमध्ये हलवलं. मम्मी आत आल्या. नातीला मांडीवर घेऊन त्या बराच वेळ काही बोलल्याच नाहीत. मम्मी आणि गप्प! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ‘मम्मी नको’ हे तीन वर्षांत मी मम्मींबद्दल बोललेलं पहिलं खरं वाक्य, आणि तेही तीन मजल्यांना ऐकू जाईल असं!

“मम्मी, मी ते... मला तसं म्हणायचं नव्हतं...” मला रडूच आलं.

“गप गो. रडतंस कित्याक?” त्यांनी माझ्या कपाळावरचे केस मागे सारले. “माझी आवस आज असती तर मी पण तिकाच हाक मारली असती.”

आता यावर कोणतीही शहाणी बाई काय करेल? गप्प बसेल. हात हातात घेईल. फार तर हुंदका देईल. पण माझा ऊर भरून आला आणि तोंड उघडलं.

“मम्मी, पुढच्या वेळी फक्त तुम्ही!”

आईने डबा लावता लावता मान वर केली. मम्मींनी नातीला अलगद माझ्या कुशीत ठेवलं, दारापर्यंत गेल्या आणि तोच खणखणीत आवाज कॉरिडॉरमध्ये सोडला, “निखिल! आयकलंस काय रे? दुसऱ्याचा ठरला!”

पहिलीला जगात येऊन जेमतेम दोन तास झाले होते, माझे टाके अजून ओले होते, आणि बाहेर निखिल मोबाइल काढून विचारत होता, “कोणत्या वर्षीचं टाकू?”